ड्रेनेजचा पैसा मुरतो कुठं? जेफरसन काउंटीचं प्रकरण, कोल्हापुरात बसून वाचलेलं

९ नोव्हेंबर २०११ ला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली जेफरसन काउंटी दिवाळखोरीत गेली. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपली जिल्हा परिषद धरा, फक्त तिथं सांडपाण्याचं खातंही तिच्याच ताब्यात होतं. एकूण देणं सव्वाचार अब्ज डॉलरच्या आसपास, आणि त्यातलं तीन अब्जांच्या वर निव्वळ ड्रेनेजचं. डॉलर तेव्हा पन्नास रुपयांच्या घरात होता, म्हणजे नुसत्या गटारींपायी पंधरा हजार कोटींचं कर्ज. लोकसंख्या किती? २०१० च्या जनगणनेत ६ लाख ५८ हजार. कोल्हापूर शहर २०११ ला ५ लाख ४९ हजार होतं. म्हणजे आपल्यापेक्षा थोडंसं मोठं गाव, आणि गटारीपोटी माणशी पावणेपाच हजार डॉलर डोक्यावर, त्यात तान्ही पोरंही आली. २०१३ मध्ये डेट्रॉइट शहर बुडालं तोवर अमेरिकेतल्या स्थानिक संस्थांमधली ही सगळ्यात मोठी दिवाळखोरी होती.

आता हे कोल्हापुरात कशाला सांगायचं? तर आपल्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकेचं बजेट आलं की दोन-चार जागरूक माणसं माहिती अधिकारात अर्ज टाकतात, 'सांडपाणी विभागानं वर्षभरात कुणाकुणाला किती रुपये दिले त्याची यादी द्या'. यादी मिळते, मग त्यात सगळ्यात मोठा आकडा कुणाचा ते बघायचं, त्याच्यावर मोबाईलवर चर्चा करायची, झालं. मी स्वतः कंत्राटदारांची हिशेबाची कामं करतो त्यामुळं अशी यादी घेऊन माझ्याकडं पण लोक येतात, 'जरा बघा की यात काय सापडतंय का'. आणि मला दरवेळी जेफरसन आठवतं, कारण तिथं जे पैसे गेले त्यातले बरेचसे अशा यादीत कुणालाच सापडले नसते. यादीत नाव दिसतं आणि रक्कम दिसते. दर कसा ठरला ते दिसत नाही. आणि गोम सगळी तिथं होती.

सुरुवात मात्र अगदी आपल्यासारखी. बर्मिंगहॅम हे तिथलं मुख्य शहर, १८७१ मध्ये वसवलेलं, लोखंड-पोलादाच्या भट्ट्यांचं गाव. ड्रेनेजच्या लाईनी जुन्या, फुटलेल्या, पाऊस पडला की जमिनीतलं पाणी लाईनीत शिरायचं, सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या क्षमतेबाहेर लोंढा यायचा आणि घाण तशीच कहाबा आणि ब्लॅक वॉरियर या नद्यांत जायची. आपल्या जयंती नाल्याच्या पुलावर पावसाळ्यात उभा राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. १९९३ मध्ये तिथले काही नागरिक कोर्टात गेले, मग केंद्र सरकारची पर्यावरण संस्थाही त्यात उतरली, आणि १९९६ मध्ये समझोत्याचा हुकूम झाला की काउंटीनं सगळी व्यवस्था दुरुस्त करायची, आणि आसपासच्या २१ लहान-मोठ्या गावांच्या गटारलाईनीसुद्धा स्वतःकडं घ्यायच्या. त्या लाईनींची अवस्था काय आहे हे घेताना पुरतं माहीत नव्हतं. आपल्याकडं २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीनं माणसं गेली, मग हायकोर्ट, मग निरी या पर्यावरण संशोधन संस्थेचा अहवाल; याच काळात राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेतून कसबा बावड्याचं ७६ एमएलडीचं (म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचं) केंद्र, नंतर दुधाळीचं १७ एमएलडी. नदी नासली, माणसं कोर्टात गेली, कोर्टानं दटावलं, मग कामाला वेग आला, हे दोन्हीकडं सारखंच.

कोर्टाचा रेटा हवाच, त्याशिवाय कुणी हलत नाही हे खरं, पण त्याची एक दुसरी बाजू आहे. कोर्टाची तारीख डोक्यावर आली की खर्चाचा प्रश्न विचारणाराच गुन्हेगार ठरतो, 'तुम्हाला नदी साफ नको आहे का' म्हणून. जेफरसनमध्ये नेमकं हेच झालं, अंदाज फुगत गेला, कामं वाढत गेली आणि 'कोर्टाचा हुकूम आहे' या एका वाक्यावर सगळ्याला मंजुरी. आपल्याकडं महापालिका अधिनियमात कलम ६७(३)(क) आहे, तातडीच्या कामाला आयुक्तांना नेहमीच्या निविदेच्या वाटेनं न जाता खर्च करता येतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंपिंग स्टेशनात पाणी शिरल्यावर निविदेची मुदत संपायची वाट बघत कोण बसणार, त्यामुळं ते कलम लागतंच. फक्त वर्षअखेरीला तातडीतली कामं किती आणि साध्या वाटेनं गेलेली किती, एवढं गुणोत्तर काढून बघावं. ते वर्षागणिक वाढत असेल तर पूर आला नाही त्या वर्षी पण तातडी कसली, हा प्रश्न आपसूक तयार होतो.

आता जेफरसनचे कंत्राटदार. १९९६ नंतर काउंटीनं रोखे काढून अब्जावधी डॉलर उभे केले आणि ते पाईप, बोगदे, केंद्रं यांच्यावर ओतले. काम झालंच नाही असं कुणी म्हणत नाही, पुष्कळ झालं. पण ड्रेनेज खातं ज्यांच्याकडं होतं ते आयुक्त (तिथं हे निवडून आलेले असतात) ख्रिस मॅकनेअर २००६ मध्ये लाचखोरीत दोषी ठरले. ड्रेनेजचे कंत्राटदार त्यांना पैसे देत होते आणि त्यांच्या फोटो स्टुडिओचं बांधकामही करून देत होते. हा माणूस साधा नव्हे, १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार कृष्णवर्णीय मुलींना मारलं त्यातल्या डेनिसचा हा बाप, गावात त्याच्याबद्दल आदर मोठा, आणि म्हणूनच तो असं काही करेल हे कुणी मनात पण आणलं नसेल. खात्याच्या संचालकाचं घर पण कंत्राटदारांनी नूतनीकरण करून दिलं, तोही आत गेला. ड्रेनेजच्या या सगळ्या भानगडीत मिळून वीसेक लोकांना शिक्षा झाल्या, त्यात लोकप्रतिनिधी, अधिकारी, इंजिनिअर, कंत्राटदार, सगळेच.

बरं, त्या वर्षांची देयकांची यादी काढून बघितली असती तर काय दिसलं असतं? नोंदणीकृत कंपन्या, खरी कामं, खरे पाईप. बनावट नाव एक पण नाही. स्टुडिओच्या विटांचा खर्च 'स्टुडिओ' म्हणून थोडाच लिहिणार, तो पाईपच्या दरात बसलेला असतो. कंत्राटदार पदरचं देत नाही, तो आधी दरात धरतो आणि मग देतो. म्हणून नुसत्या यादीवर भांडण्यापेक्षा त्याच कामाचा डीएसआर म्हणजे सरकारी दरसूचीप्रमाणं दर काय, निविदा अंदाजापेक्षा किती टक्के अबव्ह, म्हणजे वर गेली, 'एक्स्ट्रा आयटम' म्हणून मागाहून काय काय घुसलं आणि मुदतवाढ किती वेळा दिली, हे चार कागद मागवा. यात एक्स्ट्रा आयटमचा कागद सगळ्यात बोलका. मूळ निविदेत दहा टक्के बिलोनं, म्हणजे अंदाजापेक्षा कमी दरानं काम घ्यायचं आणि खोदल्यावर 'खडक लागला' म्हणून वर यायचं ही युक्ती जुनी आहे. कधी खरंच खडक लागतो हा भाग वेगळा, म्हणून मेजरमेंट बुकात कुठल्या तारखेला, कुणी, किती खोलीवर मोजलंय ते बघायचं.

एक तांत्रिक गोष्ट इथंच सांगून टाकतो कारण यावरनं फुकटचे वाद होतात. यादीतला बिलाचा आकडा आणि कंत्राटदाराच्या बँकेत जमा झालेला आकडा कधीच जुळत नाही, जुळायला पण नको. आयकराचा टीडीएस कापला जातो, एकटा माणूस असेल तर १ टक्का, कंपनी किंवा फर्म असेल तर २. अडीच लाखांच्या वरच्या कराराला जीएसटीचा टीडीएस २ टक्के. बांधकाम असेल तर कामगार कल्याण उपकर १ टक्का. त्यावर अनामत. शिवाय १८ जुलै २०२२ पासून सरकारी वर्क्स कॉन्ट्रॅक्टवरचा जीएसटी १२ वरनं १८ टक्के झाला, त्यामुळं २०२१ चं आणि २०२३ चं तेच काम शेजारी-शेजारी ठेवलं तर मूळ रकमेच्या सहा टक्क्यांची उडी नुसत्या करानं दिसते. त्यात घोटाळा शोधत बसू नये, आणि बाकीच्या फरकाला 'जीएसटी वाढला हो' म्हणून कुणी गुंडाळायला लागला तर ऐकून पण घेऊ नये.

इथवरचा भाग म्हणजे लाच. वाईट आहे, पण लाचेनं काउंटी बुडत नाही. बुडवलं कर्जानं, आणि ती गोष्ट जरा सावकाश समजून घ्यायला लागते.

पहिली काही वर्षं कर्ज साधं होतं, ठरलेलं व्याज, ठरलेले हप्ते. मग २००२-०३ मध्ये काउंटीनं त्यातलं बहुतेक कर्ज नव्या, बदलत्या व्याजाच्या रोख्यांत फिरवलं. यातल्या मोठ्या भागाचं व्याज दर काही दिवसांनी लिलावात ठरायचं. तेव्हा व्याजदर पडलेले होते त्यामुळं कागदावर बचत झकास दिसत होती. पण उद्या दर चढले तर? त्यावर उपाय म्हणून बँकांशी व्याज अदलाबदलीचे करार केले, त्याला स्वॅप म्हणतात. समजा तुम्ही घरासाठी फ्लोटिंग व्याजाचं कर्ज घेतलंय, आणि शेजारी एक जण म्हणाला की तू मला दरमहा ठरलेली रक्कम दे, मी तुला बाजारभावानं जे व्याज होईल ते देतो, तू ते तुझ्या बँकेत भर. वर-वर बघता तुमचं फ्लोटिंग कर्ज फिक्स झालं. पण शेजाऱ्याचा 'बाजारभाव' एका निर्देशांकावर आणि तुमच्या बँकेचा दुसऱ्यावर असेल, आणि दोन्ही नेहमी एकत्र हलतात एवढ्या भरवशावर सगळं उभं असेल, तर ज्या दिवशी ते एकमेकांना सोडतील त्या दिवशी तुम्ही मध्ये सापडता.

२००८ च्या सुरुवातीला ते सुटले. काउंटीच्या रोख्यांना विमा देणाऱ्या कंपन्या घरकर्जांच्या गाळात रुतल्या, त्यांचं मानांकन घसरलं, लिलावाला गिऱ्हाईक येईना. काउंटीनं द्यायचं व्याज काही रोख्यांवर १० टक्क्यांपर्यंत गेलं. त्याच महिन्यांत अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर खाली आणत होती, त्यामुळं लायबॉर या निर्देशांकावर बांधलेली बँकेकडून यायची रक्कम आटत गेली. देणं वर, येणं खाली. काही रोखे करारानुसार बँकांच्या गळ्यात गेले आणि बँकांना गेले की तीस-चाळीस वर्षांत फेडायचं मुद्दल चारेक वर्षांत फेडायचं, अशी अट. आणि स्वॅप मोडायचा म्हटलं तर मोडण्याची फी वेगळी. एकट्या जेपी मॉर्गननं ती ६४ कोटी ७० लाख डॉलर सांगितली होती.

एवढे धोक्याचे करार काउंटीनं केले कशाला? याचं उत्तर अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकानं, म्हणजे आपल्या सेबीसारख्या संस्थेनं, नोव्हेंबर २००९ मध्ये दिलं. रोखे आणि स्वॅप मिळून पाच अब्ज डॉलरचे सौदे आपल्यालाच मिळावेत म्हणून जेपी मॉर्गनच्या लोकांनी काही आयुक्तांच्या जवळच्या मित्रांच्या स्थानिक ब्रोकर फर्मना ८० लाख डॉलरच्या वर दिले. त्या फर्मचं या सौद्यांत अधिकृत काम काहीच नव्हतं. आणि ते ८० लाख बँकेनं स्वतःच्या खिशातून सोसले नाहीत, स्वॅपच्या व्याजदरात थोडी-थोडी भर घालून काउंटीकडनंच वसूल केले. जेपी मॉर्गननं आरोप मान्य किंवा अमान्य न करता प्रकरण मिटवलं, अडीच कोटी दंड, पाच कोटी काउंटीला, आणि ती ६४.७ कोटींची फी सोडली.

आता विचार करा, हे ८० लाख काउंटीच्या कुठल्या व्हेंडर यादीत सापडणार होते? कुठल्याच नाही. चेक काउंटीनं काढलाच नव्हता. काउंटीच्या वहीत फक्त 'व्याज' अशी एक ओळ, ती पण रीतसर, करारानुसार, ऑडिटरनं टिक केलेली. त्याच काळात काउंटीचे अध्यक्ष असलेले लॅरी लँगफोर्ड नंतर बर्मिंगहॅमचे महापौर झाले आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ६० च्या ६० आरोपांत दोषी ठरले, सुमारे २ लाख ३५ हजार डॉलरची रोकड, महागडे कपडे, घड्याळं एका गुंतवणूक बँकर मित्राकडनं घेतली म्हणून. शिक्षा १५ वर्षं. २ लाख ३५ हजार डॉलरच्या रोकड-घड्याळ-कपड्यांसाठी पाच अब्जांचे सौदे, मला तर यातला लाचेचा आकडा किती किरकोळ आहे हेच जास्त चीड आणणारं वाटतं.

काहीजण हे सगळं बँकेवर ढकलून मोकळे होतात. मला ते पटत नाही. आयुक्तांच्या अख्ख्या आयोगापुढं करार येत होते, सह्या होत होत्या, आणि 'हा दर आम्हाला कुणी स्पर्धेनं काढून दिला का, दुसऱ्या बँकेचा कोट कुठाय' एवढा साधा प्रश्न पुरेशा जोरात विचारला गेला नाही. पाईपची निविदा काढायची आणि कर्जाची काढायची नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं? पाईपमध्ये दहा टक्के गेले तर एकदा जातात, व्याजात अर्धा टक्का गेला तर तो तीस वर्षं जात राहतो.

आपल्याकडं असलं काही झालंय असं मी अजिबात म्हणत नाही. आपल्या महापालिकांना असले स्वॅप-बिप करायची मुभाही नाही आणि ऐपतही नाही. पण रोख्यांचा रस्ता मोकळा झालाय हे ध्यानात असू द्या. २०१५ मध्ये सेबीनं महापालिका रोख्यांचे नियम आणले, जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेनं पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटी ७.५९ टक्क्यांनी उभे केले, आणि २०२१ मध्ये गाझियाबादनं तर सांडपाण्यावर पुढची प्रक्रिया करून ते कारखान्यांना विकायच्या केंद्रासाठी १५० कोटी ८.१ टक्क्यांनी घेतले. यांचे दर निदान बाजारात बोली लागून ठरलेत आणि उघड आहेत. पंचगंगेसाठी उद्या कुणी असा प्रस्ताव आणला तर मी डोळे झाकून विरोध करणार नाही, पहिल्यांदा परतफेडीचं तक्त्याचं पान मागेन.

तोवर आपलं दुखणं साधं आहे. केंद्र बांधायला अनुदान मिळतं, चालवायला मिळत नाही. पंपाचं आणि ब्लोअरचं महावितरणचं बिल, क्लोरीन, देखभालीचा ठेका, गाळ उचलणं हे सगळं महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतनं, आणि त्यासमोर पाणीपट्टीच्या बिलात येणारा सांडपाणी अधिभार. या दोन आकड्यांतलं अंतर किती, ते दरवर्षी वाढतंय की घटतंय, हे बजेटात एका ठिकाणी लिहिलेलं मिळत नाही, पाणीपुरवठ्याच्या पानावरनं जमा उचलायला लागते आणि ड्रेनेजच्या पानावरनं खर्च. त्यातही वीज कधी कधी भलत्याच शीर्षाखाली बसलेली असते. आणि बिलं थकली की काय होतं ते आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. माझ्याकडं येणारा एक कंत्राटदार स्पष्ट सांगतो, 'साहेब, बिल सहा महिन्यांनी निघणार हे धरूनच रेट टाकतो, नाहीतर बायकोचे दागिने ठेवायला लागतील.' कायद्यानं लघुउद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यायचं आहे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, पण पुढचं काम हवं असलेला माणूस ते व्याज कशाला मागतोय? तो ते दरात घेतो. म्हणजे उशिराचं व्याज आपण भरतोच, फक्त वहीत त्याला 'दुरुस्ती व देखभाल' म्हणतात.

जेफरसनमध्ये शेवटी कुणी भरलं ते सांगतो. सप्टेंबर २०१० मध्ये राज्याच्या कोर्टानं ड्रेनेज खात्यावर रिसीव्हर बसवला (आपल्याकडं प्रशासक ही चीज कोल्हापूरकरांना नवी नाही, नोव्हेंबर २०२० ला सभागृहाची मुदत संपल्यावर कित्येक वर्षं तोच कारभार होता). २०११ मध्ये काउंटीचा नोकरदारांवरचा एक कर कोर्टात रद्द झाला आणि सर्वसाधारण तिजोरी पण कोरडी पडली, पाचशेच्या वर कर्मचाऱ्यांना बिनपगारी घरी बसवलं. गरिबांसाठी काउंटी चालवत असलेल्या कूपर ग्रीन हॉस्पिटलात २०१२ च्या अखेरीला रुग्ण दाखल करून घेणं बंद झालं. ड्रेनेजचे दर तोवर १९९० च्या दशकाच्या मानानं चौपट झाले होते.

डिसेंबर २०१३ मध्ये काउंटी दिवाळखोरीतनं बाहेर पडली. धनकोंनी सुमारे १.४ अब्ज डॉलर सोडले, त्यात सगळ्यात मोठा फटका जेपी मॉर्गनला. उरलेलं फेडायला काउंटीनं १.७८ अब्जांचे नवे रोखे काढले, चाळीस वर्षांच्या मुदतीचे, आणि अट अशी की ड्रेनेजचा दर पहिली चार वर्षं ७.४१ टक्क्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी ३.४९ टक्क्यांनी वाढवायचा. गिऱ्हाइकांचा एक गट याविरुद्ध अपिलात गेला होता, की भ्रष्टाचारानं झालेलं कर्ज आमच्या बिलातनं का. २०१८ मध्ये वरच्या कोर्टानं ते अपील निकालात काढलं. कारण असं की रोखे विकून झालेत, पैसे वाटून झालेत, आता मागं फिरवता येणार नाही.